रसायनशास्त्रातील ‘मृदा’ म्हणजे नेमके काय? आणि त्या अनेक कशा झाल्या?

प्रश्न : आवर्तसारणी_वाचक

नमस्कार.

आवर्तसारणीतील दुसऱ्या गणाला आपण ‘अल्कधर्मी मृदा धातू’ म्हणतो आणि लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतच्या रांगेला ‘विरल मृत्तिका’ म्हणतो. ही नावे मी शाळेपासून वापरत आलो आहे, पण त्यांतील ‘मृदा’ किंवा ‘मृत्तिका’ हा शब्द तेथे कोठून आला हे मला कधीच नीट कळले नाही. कॅल्शियम हा चकाकणारा धातू आहे. त्याचा मातीशी संबंध काय? अलीकडे अठराव्या शतकातील रसायनशास्त्राविषयी वाचताना हा शब्द पुन्हा भेटला, आणि तोही अनेकवचनात : चुन्याची मृदा, तुरटीची मृदा, गारेची मृदा, जड मृदा. नवे मूलद्रव्य सापडल्यावर आज जेवढा उत्साह असतो, तेवढाच उत्साह त्या काळी ‘नवी मृदा’ सापडल्यावर दिसतो.

माझा गोंधळ असा. ग्रीक तत्त्वज्ञानातील चार तत्त्वांपैकी पृथ्वी हे तत्त्व एकच होते. मग मृदा अनेक कशा झाल्या? वाळू, चुना आणि तुरटीच्या द्रावणातून मिळणारा बुळबुळीत पांढरा साका यांच्यात डोळ्यांना तरी काहीच समान दिसत नाही. मग त्यांना एका वर्गात बसवणारा निकष कोणता होता? आणि लोहखनिज कोळशाबरोबर तापवले की लोखंड मिळते हे भट्टीवर काम करणाऱ्यांना हजारो वर्षे ठाऊक असताना, चुन्याच्या पोटात धातू आहे हे कळायला एकोणिसावे शतक का उजाडावे लागले? जाणकारांनी सविस्तर लिहिल्यास आभारी राहीन.

उत्तर : मूसभट्टी

तुमच्या दुसऱ्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या दोन्हींची उत्तरे बऱ्याच अंशी तिच्यातच आहेत.

अठराव्या शतकातील रसायनशास्त्रज्ञाच्या हाती एखादे खनिज आले, तर त्यावर करता येण्याजोग्या परीक्षा मोजक्याच होत्या. ते पाण्यात टाकायचे, जिभेवर ठेवायचे, मुशीत घालून कडक आच द्यायची, कोळशाबरोबर तापवायचे आणि निरनिराळ्या आम्लांत घालून पाहायचे. जे पाण्यात विरघळून चव देते ते लवण. जे पेट घेते ते गंधक, डांबर आणि तत्सम ज्वलनशील वर्गातले. कोळशाबरोबर तापवल्यावर ज्यातून धातूचा मणी खाली बसतो ते धातूचे भस्म (आजच्या भाषेत ऑक्साइड). या सगळ्या परीक्षा झाल्यावर जे मागे उरते, म्हणजे जे पाण्यात विरघळत नाही किंवा नाममात्रच विरघळते, ज्याला चव नाही, जे जळत नाही, उडून जात नाही, एकटे तापवले असता भट्टीच्या सर्वांत कडक आचेतही वितळत नाही आणि कोळशालाही दाद देत नाही, त्याला मृदा म्हणत. ही व्याख्या जवळजवळ संपूर्णपणे नकारांची बनलेली आहे. वाळू आणि चुना यांना एकत्र आणणारी गोष्ट त्यांच्या रूपात शोधून सापडणार नाही. त्या काळच्या आगीपुढे दोघेही सारखेच अढळ राहिले, एवढेच त्यांच्यातले साम्य होते.

आजचे आकडे पाहिले की हे स्पष्ट होते. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते, आणि त्या काळच्या उत्तम भट्ट्याही याच तापमानाच्या आसपास दम टाकत. सिलिका, म्हणजे गारेची मृदा, सुमारे १७०० अंशांना वितळते, ॲल्युमिना, म्हणजे तुरटीची मृदा, सुमारे २०७० अंशांना, चुनकळी सुमारे २६०० अंशांना आणि मॅग्नेशिया (मॅग्नेशियमचे ऑक्साइड) सुमारे २८५० अंशांना. भट्टी जेथे संपते त्याच्या पलीकडचे हे सारे पदार्थ आहेत, म्हणून भट्टीसमोर बसलेल्या माणसाला त्यांच्यातले हजार-बाराशे अंशांचे अंतर दिसणे शक्यच नव्हते.

या वर्गाची पद्धतशीर तपासणी ज्या कामामुळे झाली, ते काम चिनी मातीच्या भांड्यांचे होते. सॅक्सनीतील माइसेन येथे १७१० मध्ये पोर्सेलीनचा कारखाना सुरू झाला आणि त्याची कृती कडक गुप्ततेत ठेवली गेली. ती शोधून काढण्याच्या प्रयत्नात बर्लिनच्या योहान हाइनरिख पॉट यांनी नाना प्रकारच्या मृदा, एकेकट्या आणि एकमेकींत मिसळून, भट्टीत घालून पाहिल्या. पोर्सेलीनची कृती त्यांच्या हाती लागली नाही, पण १७४६ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मृदांचे चार वर्ग मांडलेले दिसतात : चुन्याच्या, जिप्समच्या, चिकणमातीच्या आणि काच होणाऱ्या. एकट्याने न वितळणारा चुना आणि एकट्याने न वितळणारी चिकणमाती एकत्र तापवली की वितळते, हे त्यांचे निरीक्षण मला वर्गीकरणापेक्षाही मोलाचे वाटते. मृदा ‘अढळ’ असतात हे एकेकटीबद्दलच खरे आहे, हे त्यातून कळले.

पुढे स्वीडनमधील आक्सेल क्रोनस्टेड्ट यांनी १७५८ मध्ये खनिजांची रचना बाह्य रूपावरून न करता घटकांवरून करायचे ठरवले आणि नऊ मृदा मानल्या. चुना, गार आणि चिकणमातीच्या मृदांबरोबर गार्नेट, अभ्रक, फ्लोरस्पार, ॲस्बेस्टॉस, झिओलाइट आणि मँगनीज यांनाही त्यांनी स्वतंत्र मृदांचा मान दिला. आज ही यादी विचित्र वाटते, पण तिच्यामागचा नियम प्रामाणिक होता : जे मला आणखी फोडता येत नाही, ते मी साधे समजतो. क्रोनस्टेड्ट यांचे मुख्य साधन फुंकनळी, म्हणजे ज्योतीवर हवा फुंकून ती प्रखर करणारी बारीक नळी, हे होते, आणि फुंकनळीच्या ज्योतीने अभ्रक फुटत नाही. त्यांच्यानंतर उप्सालाच्या टॉरबर्न बर्गमन यांनी खनिजाची पूड अल्कलीबरोबर तापवून, मग ती आम्लात विरघळवून, त्या द्रावणातून एकेक घटक साक्याच्या रूपाने खाली पाडण्याची पद्धत बसवली. या पद्धतीपुढे अभ्रक आणि गार्नेट फुटले, आणि त्यांच्यातून त्याच त्या मृदा निघाल्या. नऊची संख्या पाचावर आली : चुना, मॅग्नेशिया, बराइटा (जड मृदा), ॲल्युमिना आणि सिलिका.

उत्तर : जुनी_पाने

वरील उत्तर उत्तम आहे. पहिल्या शंकेविषयी मात्र थोडी भर घालणे आवश्यक वाटते, कारण ग्रीकांच्या पृथ्वीतत्त्वापासून या मृदा थेट निघाल्या असे समजणेही चूक आणि त्यांचा परस्परांशी काहीच संबंध नाही असे समजणेही चूक.

ॲरिस्टॉटल यांचे पृथ्वीतत्त्व म्हणजे थंडपणा आणि कोरडेपणा या गुणांची जोडी. ते हातात धरता येण्याजोगा पदार्थ नव्हे, आणि त्यातील एक गुण बदलला की त्याचे दुसऱ्या तत्त्वात रूपांतर होते, अशी ती कल्पना आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात योहान योआखिम बेखर यांनी खनिज पदार्थांची घडण तीन मृदांनी समजावून सांगितली : घट्टपणा आणि काच होण्याची शक्ती देणारी दगडी मृदा, ज्वलनशीलता देणारी स्निग्ध मृदा आणि धातूंना तकाकी व वाहतेपणा देणारी पाऱ्यासारखी मृदा. एकाच्या जागी अनेकवचन येते ते येथे. त्यातील स्निग्ध मृदेवरूनच पुढे गेओर्ग अर्न्स्ट श्टाल यांनी फ्लॉजिस्टॉनची, म्हणजे जळताना पदार्थातून बाहेर पडणाऱ्या ज्वलनतत्त्वाची, कल्पना उभी केली. पण बेखर यांच्याही मृदा बाटलीत भरून फडताळात ठेवता येत नव्हत्या. त्या पदार्थांच्या पोटात असलेली तत्त्वे होती. पॉट किंवा बर्गमन यांची मृदा मात्र वजन करता येणारी पांढरी पूड आहे. शब्द तोच राहिला आणि त्याखालची वस्तू बदलली.

ही वस्तू बदलण्याआधी एक जुनी समजूत दूर होणे भाग होते, ती म्हणजे पाण्याची मृदा होते ही. यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट यांनी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचे वाळुंजाचे रोप लावून त्याला ५ वर्षे केवळ पाणी घातले. झाड १६९ पौंडांचे झाले आणि माती केवळ दोनएक औंसांनी घटली. झाडाचे लाकूड, साल, मुळे हे सारे पाण्यापासूनच झाले, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पाणी वारंवार उकळले की काचपात्रात पांढरट गाळ राहतो, हाही त्याच समजुतीचा पुरावा मानला जाई. आंत्वान लाव्हाझिए यांनी १७६८ च्या अखेरीस बंद काचपात्रात १०१ दिवस पाणी तापवत ठेवले आणि आधी व नंतर सगळ्याचे वजन केले. पात्र व पाणी मिळून एकूण वजनात फरक पडला नव्हता. पात्राचे वजन घटले होते आणि मिळालेली ‘मृदा’ त्या घटीच्या आसपासची होती. गाळ काचेचा होता. स्वतंत्रपणे कार्ल शेले यांनीही असा गाळ तपासून तो काचेच्याच घटकांचा असल्याचे ओळखले.

पण हेच शेले थोड्या वेगळ्या प्रसंगी त्याच जागी अडखळले, हे मला सांगावेसे वाटते. फ्लोरस्पार या खनिजावर गंधकाम्लाची क्रिया करून निघणारा वायू पाण्याला भेटला की पाण्याच्या पृष्ठावर सिलिकेची साय धरते. ही सिलिका नव्या आम्लाच्या आणि पाण्याच्या संयोगातून तयार होते, असे त्यांना वाटले. ते आम्ल वाटेत काचेचे पात्रच खात होते, हे पुढे इतरांनी दाखवले. काच ही मुळात वाळूची, म्हणजे मृदेची. आणि मृदेचा अभ्यास करणाऱ्याचे भांडेही मृदेचेच. त्या काळच्या कितीतरी चुका या एका गोष्टीतून निघालेल्या आहेत.

आवर्तसारणी_वाचक

दोघांचेही मनापासून आभार. भट्टीपुढे न बदलणारा पदार्थ म्हणजे मृदा, हे समजले. पण त्यातून एक नवी शंका निर्माण झाली. सगळ्याच मृदा पांढऱ्या, बेचव आणि न वितळणाऱ्या असतील, तर दोन पांढऱ्या पुडी एकच आहेत की वेगळ्या, हे ते कसे ठरवत? मूलद्रव्य, अणुभार, वर्णपट यांपैकी काहीही हाताशी नसताना ‘ही नवी मृदा आहे’ असे छातीठोकपणे सांगण्याचा आधार काय होता?

उत्तर : साका_आणि_गाळण

हा प्रश्न विचारल्याबद्दल धन्यवाद. या विषयातील माझा सर्वांत आवडीचा भाग हाच आहे, त्यामुळे उत्तर थोडे लांबेल.

मृदा स्वतः काही सांगत नाही. ती आम्लाशी संयोग पावून जे लवण बनवते, ते लवण तिची ओळख सांगते. गंधकाम्लाचेच उदाहरण घ्या. चुन्याबरोबर त्याचे जिप्सम होते, जे पाण्यात फारच थोडे विरघळते. मॅग्नेशियाबरोबर त्याचे एप्सम लवण होते, जे सहज विरघळते आणि कडू लागते. तुरटीच्या मृदेबरोबर, पोटॅशही उपस्थित असेल तर, तुरटीचे अष्टफलकी स्फटिक येतात. बराइटाबरोबर जे तयार होते ते पाण्यात तर नाहीच, आम्लांतही विरघळत नाही. सिलिका गंधकाम्लाकडे ढुंकूनही पाहत नाही. एकाच आम्लाला पाच मृदा पाच निरनिराळी उत्तरे देतात. ज्याच्याजवळ शुद्ध आम्ले, गाळणकागद, तराजू आणि पुरेसा धीर आहे, त्याला वर्णपटाची वाट पाहण्याची गरज नव्हती.

या पद्धतीचा कस पहिल्यांदा लागला तो मॅग्नेशियाच्या बाबतीत. मॅग्नेशिया हा चुन्याचाच प्रकार असावा, असा समज होता. एडिंबरोच्या जोसेफ ब्लॅक यांनी एप्सम लवणाच्या द्रावणात पोटॅश घालून मॅग्नेशिया अल्बाचा साका मिळवला, तो तापवला आणि १७५६ मध्ये आपले प्रयोग प्रसिद्ध केले. तापवल्यावर या पुडीचे निम्म्याहून अधिक वजन कमी होत होते, आणि ते एका हवेच्या रूपाने निघून जात होते, जिला त्यांनी ‘स्थिर हवा’ म्हटले. आज आपण तिला कार्बन डायऑक्साइड म्हणतो. मात्र उरलेली पूड चुनकळीसारखी दाहक झाली नाही, पाणी टाकल्यावर चुनकळीसारखी फसफसून तापलीही नाही. म्हणजे चुना आणि मॅग्नेशिया या दोन मृदा वेगळ्या आहेत हेही ठरले आणि चुनखडी भाजल्यावर दाहक का होते हेही कळले. तोपर्यंत भट्टीतील अग्निकण चुन्यात शिरतात म्हणून तो जाळतो, असे मानले जाई. ब्लॅक यांनी दाखवले की भाजताना चुन्यात काही शिरत नाही, उलट त्यातून काही निघून जाते. याच सुमारास, १७५४ मध्ये, बर्लिनच्या आंड्रेआस मार्गग्राफ यांनी तुरटीची मृदा चुन्याहून वेगळी असून तीच चिकणमातीत असते, हे सिद्ध केले. जड मृदा, म्हणजे बराइटा, शेले यांनी १७७४ मध्ये मँगनीजचे खनिज तपासताना ओळखली.

मग एक वेळ अशी आली की वर सांगितलेली पाच उत्तरे अपुरी पडू लागली. १७९८ मधील लुई निकोला व्होक्लँ यांचे काम पाहण्यासारखे आहे. स्फटिकांचा अभ्यास करणारे रने जुस्त आउई यांना बेरिल आणि पाचू यांच्या स्फटिकांची घडण तंतोतंत एकच दिसली, म्हणून त्यांनी व्होक्लँ यांना दोहोंचे रासायनिक पृथक्करण करण्यास सुचवले. या खनिजांतून जी मृदा ॲल्युमिना म्हणून मोजली जात होती, तिचा एक भाग व्होक्लँ यांना वेगळा वागताना दिसला. तो पोटॅशच्या द्रावणात ॲल्युमिनासारखाच विरघळत होता, पण त्याची तुरटी होत नव्हती, तो अमोनियम कार्बोनेटच्या द्रावणात विरघळत होता (ॲल्युमिना तसे विरघळत नाही) आणि त्याची लवणे गोड लागत होती. त्या गोडीवरून या मृदेला ‘ग्लुसिन’ हे नाव पडले. आज तिच्या धातूला आपण बेरिलियम म्हणतो. बेरिलियमची संयुगे अत्यंत विषारी आहेत हे आज माहीत असल्याने, चव घेण्याची ती परीक्षा वाचताना अंगावर काटा येतो.

या पद्धतीत फसवणूकही होत असे, आणि तीही नामवंतांची. १७९० मध्ये मृत्तिकापात्रांचे कारखानदार जोसाया वेजवुड यांनी न्यू साउथ वेल्समधील सिडनी कोव्ह येथून आलेल्या वाळूत नवी मृदा असल्याचे जाहीर केले. चार्ल्स हॅचेट यांनी १७९८ मध्ये ती वाळू पुन्हा तपासली, तेव्हा तिच्यात सिलिका, ॲल्युमिना, लोहभस्म आणि ग्रॅफाइट यांपलीकडे काही निघाले नाही. १८०० मध्ये योहान ट्रॉम्सडॉर्फ यांनी सॅक्सनीच्या एका खनिजात नवी मृदा पाहिली आणि तिची लवणे बेचव म्हणून तिला ‘अगुस्टिन’ असे ग्रीक मुळाचे नाव दिले. व्होक्लँ यांनी ती कॅल्शियम फॉस्फेट असल्याचे दाखवले. यातील गफलत लक्षात घेण्यासारखी आहे : आम्लात विरघळलेल्या फॉस्फेटमध्ये अमोनिया घातला की ते तसेच्या तसे, ॲल्युमिनासारखे, पांढऱ्या साक्याच्या रूपात खाली बसते. चुन्याने फॉस्फरसचा वेश घेतला की चुन्याची एकही सवय त्याच्यात दिसत नाही.

उत्तर : विद्युतघट

तिसऱ्या शंकेचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो.

चुन्यात धातू असावा ही शंका एकोणिसाव्या शतकाच्या आधीच व्यक्त झाली होती. १७८९ च्या आपल्या पाठ्यग्रंथात लाव्हाझिए यांनी साध्या पदार्थांची ३३ नावांची यादी दिली. तिच्यात आम्लाशी लवणे करणाऱ्या मृण्मय पदार्थांचा वेगळा गट आहे आणि त्यात बर्गमन यांच्याच पाच मृदा आहेत. पण यादी देतानाच ते सांगतात की मृदा फार काळ साध्या पदार्थांत राहणार नाहीत. त्यांचा तर्क असा : या वर्गातील केवळ मृदाच ऑक्सिजनशी संयोग पावत नाहीत, ही उदासीनता त्या आधीच ऑक्सिजनने तृप्त झालेल्या असल्यामुळे असावी, म्हणजेच त्या धातूंची भस्मे असाव्यात. एखादा पदार्थ जळत नाही याचा अर्थ तो जळून चुकलेला आहे, हा विचार किती सरळ आहे! तरीही त्यासाठी ज्वलनाचा नवा सिद्धान्त आधी उभा राहावा लागला. फ्लॉजिस्टॉनच्या काळात भस्म हा साधा पदार्थ होता आणि धातू संयुक्त. त्या चौकटीत ‘मृदेत धातू आहे’ हे वाक्य मांडताही येत नव्हते.

आता कोळशाविषयी. लोहभस्मातील ऑक्सिजन काढून घ्यायला कोळशाला हजार अंशांच्या आतील आचही पुरते. चुनकळीतील ऑक्सिजनची पकड इतकी घट्ट आहे की तेथे २००० अंशांच्याही वरचे तापमान हवे, आणि एवढे करून धातूऐवजी कार्बाइडच हाती येण्याची शक्यता अधिक. म्हणून भट्टीत कितीही कोळसा घातला तरी उपयोग नव्हता. १७९० मध्ये शेम्निट्झच्या खाणविद्यालयात रुप्रेख्त आणि तोंडी यांनी मृदा कोळशाबरोबर तापवून धातूचे मणी मिळवल्याचे सांगितले आणि काही काळ मोठी खळबळ माजली. मार्टिन क्लाप्रोट यांनी ते मणी फॉस्फरसयुक्त लोखंडाचे असल्याचे दाखवले. येथेही फॉस्फरसच.

हे कोडे सुटले विजेमुळे. हम्फ्री डेव्ही यांनी ऑक्टोबर १८०७ मध्ये वितळलेल्या पोटॅशमधून वीज नेऊन पोटॅशियम मिळवले आणि लगेच सोड्यातून सोडियम. मग त्यांनी मृदा हाती घेतल्या, आणि मूसभट्टी यांनी सांगितलेली व्याख्याच त्यांच्या आड आली : जो पदार्थ वितळत नाही, त्यातून वीज न्यायची कशी? ओलसर करून पाहिले, पाऱ्याच्या भस्मात मिसळून पाहिले. उत्पन्न फार थोडे आले. स्टॉकहोमचे बर्झेलियस आणि पाँटिन यांनी पाऱ्यालाच ऋणाग्र करून चुना आणि बराइटा फोडल्याचे त्यांना कळवले. सुटणारा धातू पाऱ्यात शिरून पारदमेल (पाऱ्याबरोबरचा मिश्रधातू) होतो आणि हवेपासून काही काळ वाचतो. डेव्ही यांनी ही युक्ती मोठ्या प्रमाणावर वापरली, नंतर पारा उडवून लावला आणि जून १८०८ मध्ये बेरियम, स्ट्राँशियम, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची घोषणा केली.

या चार मृदा विजेला आधी वश झाल्या, आणि तुमच्या ‘अल्कधर्मी मृदा’ त्या ह्याच. त्यांना हे नाव डेव्ही यांच्या आधीपासून होते, कारण त्या पाण्यात अल्पशा विरघळून वनस्पतींचा निळा रंग अल्कलींप्रमाणे हिरवा करत. म्हणजे त्या मृदाही होत्या आणि अल्कलींच्या शेजारीही होत्या. ॲल्युमिना आणि सिलिका यांच्यापुढे डेव्ही यांचा विद्युतघट हरला. तेथे कामास आले ते त्यांनीच शोधलेले पोटॅशियम. बर्झेलियस यांनी पोटॅशियमने १८२४ मध्ये सिलिकॉन वेगळे केले, ऑर्स्टेड यांनी १८२५ मध्ये पोटॅशियमच्या पारदमेलाने ॲल्युमिनियमकडे वाट काढली आणि व्होलर यांनी १८२७ मध्ये शुद्ध पोटॅशियमने ते अधिक खात्रीने मिळवले.

आवर्तसारणी_वाचक

माझ्या तिन्ही शंकांचे निरसन झाले. फक्त ‘विरल मृत्तिका’ राहिल्या. त्या खरोखर विरळ आहेत का?

उत्तर : जुनी_पाने

नाहीत. भूकवचात सिरियमचे प्रमाण तांब्याच्या जवळपास आहे, आणि या रांगेतील सर्वांत दुर्मीळ स्थिर मूलद्रव्येही चांदीपेक्षा जास्त आहेत. नाव पडले त्या वेळी मात्र ज्या खनिजांत त्या सापडल्या ती खनिजे स्वीडनमधील एकदोन जागीच माहीत होती.

१७८७ मध्ये कार्ल आक्सेल आर्हेनियस यांना स्टॉकहोमजवळच्या इटर्बी गावातील खाणीत एक जड काळा दगड मिळाला. १७९४ मध्ये योहान गाडोलिन यांनी त्यात एक अनोळखी मृदा ओळखली. तिला पुढे इट्रिया म्हटले गेले. १८०३ मध्ये बास्टनेस येथील जड दगडातून क्लाप्रोट यांनी, आणि स्वतंत्रपणे बर्झेलियस व हिसिंगर यांनी, आणखी एक मृदा काढली. तिला दोन वर्षांपूर्वीच सापडलेल्या सेरेस या लघुग्रहावरून सिरिया हे नाव मिळाले. त्यानंतर मात्र जे घडले ते आधीच्या कोणत्याही मृदेच्या बाबतीत घडले नव्हते. बर्झेलियस यांचे शिष्य कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी १८३९ मध्ये सिरियातून लँथॅना वेगळी केली, मग तिच्यातून डिडिमिया, आणि १८४३ मध्ये इट्रियातून एर्बिया व टर्बिया. या शेवटच्या दोघींची नावे पुढे संशोधकांच्या हातून उलटसुलट झाली आणि तशीच रूढ झाली. डिडिमिया, म्हणजे ‘जुळी’, हीसुद्धा एक नव्हती. १८८५ मध्ये कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी तिचे प्रासिओडिमियम आणि निओडिमियम असे दोन भाग केले. साका_आणि_गाळण यांनी सांगितलेली लवणांची भाषा येथे अपुरी पडली, कारण या मृदा कोणत्याही आम्लाला जवळजवळ एकच उत्तर देतात. त्यांना वेगळे करायचे तर तेच स्फटिकीकरण शेकडो वेळा, कधी हजारो वेळा करावे लागे.

फॉस्फरसच्या फसवणुकीचा उल्लेख वर दोनदा आला आहे, म्हणून तिसराही सांगतो. बर्झेलियस यांना १८१५ च्या सुमारास फालून येथील खनिजात एक नवी मृदा दिसली आणि थोर या देवावरून तिला त्यांनी ‘थोरिना’ म्हटले. दहाएक वर्षांनी त्यांनीच ती पुन्हा तपासली आणि ती इट्रियमचे फॉस्फेट असल्याचे स्वतः जाहीर केले. १८२८ मध्ये नॉर्वेतून आलेल्या एका काळ्या खनिजात त्यांना खरोखरची नवी मृदा सापडली, तेव्हा ते मोकळे झालेले नाव त्यांनी तिला दिले. थोरियाचा द्रवणांक सुमारे ३३०० अंश सेल्सिअस आहे, म्हणजे आगीला न बधण्याची जुनी अट या साऱ्या मृदांमध्ये तीच सर्वांत काटेकोरपणे पाळते.